तर्रीच्या जेवणाचं गाणं

त्या रविवारी मी दहा वाजता दिल्लीतल्या द्वारकेला पोचले तेव्हा मसाल्याचा वास लिफ्टमध्येच लागला. बाबांनी दार उघडलं. हातात उलथनं होतं.

"उशीर केलास. खोबरं भाजायचं राहिलंय."

"दहाच वाजलेत, बाबा."

"दहा म्हणजे उशीर. समाधान बाराला येतो म्हणालाय, म्हणजे दीडला येईल. तोवर मटण शिजलं पाहिजे. नोएडाचं माणूस भुकेलं येतं."

त्यांच्या मागून तर्री आली. तिने माझ्या बुटांचा वास घेतला, शेपटी दोनदा हलवली आणि वळून स्वयंपाकघरात गेली. कुरिअरवाल्याचंही ती एवढंच स्वागत करायची. बारा वर्षांत यात बदल झाला नव्हता आणि मीही तशी अपेक्षा सोडली होती.

आई-बाबांनी तिला आणलं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. बाबा तेव्हा दिल्लीतल्या केंद्राच्या मंत्रालयातून नुकतेच निवृत्त झाले होते. दर रविवारी दोघं कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात पोहे खायला जायचे, आणि तिथल्या पोह्यांना आपल्या गावची, पुलगावची सर नाही असं म्हणत घरी यायचे. एका रविवारी कॅन्टीनच्या मागच्या दारापासून कुत्र्याचं एक लालसर पिल्लू आईच्या मागे मागे गाडीपर्यंत आलं. "रंग बघा हिचा," आई म्हणाली, "अगदी पोह्यांवरची तर्री." नाव तिथेच ठरलं. सोसायटीतले लोक मात्र तिला शेवटपर्यंत टेरी म्हणत राहिले. मी दिल्लीत परतले तेव्हा ती चार वर्षांची होती. घरात कोण कोणाचं हे तोपर्यंत ठरून गेलं होतं.

गाणं आईचं. रस्त्यावरचं पिल्लू ते, भांडं वाजलं की घाबरायचं, कपाटाखाली जाऊन बसायचं. मग आई वाटी घेऊन जमिनीवर बसली आणि पुलगावच्या गिरणीच्या चाळीतल्या बायकांची कुठली तरी चाल आठवून तिने चार ओळी जुळवल्या.

ये गं तांबडे, ये गं दारी,
भात निवला, निघू दे स्वारी.
खाऊन घे गं, थांबू नको,
मागे काही ठेवू नको.

तेव्हापासून तो नियमच झाला. गाणं झाल्याशिवाय तर्री तोंड लावायची नाही. वाटी समोर असली तरी माणसाकडे बघत बसायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिने दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाला आलेली माणसं हॉलमध्ये बसलेली असताना, बाबा आत गेले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. बाबांनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. पंचशीलसुद्धा ते फाइलवरचा शेरा वाचावा तशा आवाजात म्हणतात. त्याच आवाजात त्यांनी चार ओळी म्हटल्या. तर्रीने जरा वेळ विचार केला आणि खाल्लं.

नंतर समाधानदादा आला की तोही गायचा, घोषणा दिल्यासारखा. त्याची मुलगी प्राची सिनेमाच्या थाटात गायची. मी कधीच म्हटलं नाही. श्रावस्ती गात नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. का, ते आता कुणाला आठवत नसेल. मलाही नीट आठवत नाही.

दीडला दादा आला. दाराशीच म्हणाला, "सॉरी, सॉरी, डीएनडीच्या पुलावर जाम होता." मागून मृणालवहिनी, तिच्यामागे प्राची.

"आजोबा, टेरीला मटण?"

"अजिबात नाही. वाच तिकडे."

फ्रिजवर बाबांच्या अक्षरातला कागद होता. 'तर्री. वर्ज्य: मटण, चरबी, लोणी, तळलेले पदार्थ. अपवाद नाही.' खाली तारीख आणि सही. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या स्वादुपिंडाला सूज आली होती आणि ती मरता मरता वाचली होती. तेव्हापासून मऊ भात, दुधी आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी. बाबा त्या कागदाबाहेर जात नसत.

जेवताना विषय निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. दादाने रस्सा भुरकला, "वा, बाबा," म्हणाला, आणि मग म्हणाला, "तर मग खोलीचं काय ठरलं?"

"कुठल्या?"

"आमच्याकडची. रिकामीच आहे यार. तुम्ही आणि तर्री, दोघंही या."

"खोली रिकामी आहे म्हणून माणूस राहायला जात नाही."

"डिसेंबरात दूध जळून भांडं काळं झालं होतं. गॅस चालू होता बाबा, तुम्ही खाली लायब्ररीत."

"एकदा."

"आणि सेक्टर बाराच्या मेट्रोपाशी रस्ता चुकलात ते?"

"धुकं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी मीही चुकले असते."

"तू तर बोलूच नकोस. महिन्यातून दोनदा येतेस."

"समाधान," वहिनी म्हणाली, "त्यांचं इथे सगळं आहे. लायब्ररी आहे, सकाळच्या वॉकची मंडळी आहेत. आपल्याकडे दिवसभर कोण आहे? मी सहाला येते, तू नऊला."

बाबांनी तिच्या ताटात न विचारता आणखी एक फोड वाढली. आमच्या घरात मतदान असंच होतं. त्या दुपारी ते तीनास एक असं होतं, आणि दादाने विषय सोडला.

जेवणानंतर बाबा गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन झोपले. चष्मा छातीवर, वर्तमानपत्र पायाशी. वहिनी प्राचीला घेऊन खाली बाजारात गेली. दादा हॉलमध्ये मॅच लावून आडवा झाला. मी भांडी आवरत होते. ओट्यावर माझ्या ताटात मटणाची एक नळी राहिली होती, कडेला चरबी असलेली.

तर्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. भीक मागितल्यासारखी नाही, ती तसं कधी करत नसे. नुसती बसली, आणि माझ्याकडे बघू लागली. सगळं घर झोपलेलं होतं. वरून विमान उतरत होतं, त्याचा आवाज सरेपर्यंत मी थांबले. मग खाली बसले आणि अगदी हळू, आईच्या चालीत, म्हटलं.

तिचे कान उभे राहिले. ती उठून आली. माझ्या हातातून तिने नळी इतक्या हलक्या दातांनी घेतली की मला ओठच लागले. ती खात असताना मी फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं होतं, हे मला इथे लिहिलं पाहिजे. एकदाच तर आहे, असं मला वाटलं होतं. खाऊन झाल्यावर तिने माझा तळवा चाटला आणि माझ्या पायावर डोकं ठेवून पडून राहिली. दहा मिनिटं असेल. मग लिफ्टचं दार वाजलं, प्राचीचा आवाज आला आणि ती उठून गेली. उरलेलं हाड मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

चार वाजता बाबांनी चहा केला. पाचला मी निघाले. दाराशी तर्रीने शेपटी हलवली. मी मोजली, पाच वेळा.

*

सोमवारी सकाळी साडेपाचला बाबा उठले तेव्हा तर्री बाथरूमच्या दाराशी पाठ कमानीसारखी वाकवून उभी होती. फरशीवर तीन ठिकाणी उलटी होती. बाबांनी आधी तिला पाणी ठेवलं, मग वाकून नीट पाहिलं. पांढरी चरबी, आणि हाडाची एक कपची. त्यांनी ती कागदावर घेतली, डॉक्टरांना दाखवायला.

त्यांनी आधी दादाला फोन केला, मग मला. बाबांनी तिला दवाखान्यात नेलं; मी आणि दादा पोचलो तेव्हा तर्रीच्या पायाला सलाइन लावलेलं होतं. डॉक्टर तरुण होत्या, घाईत नव्हत्या.

"अंकल, इसको कुछ फैटी दिया किसी ने? मीट, हड्डी?"

बाबांनी कागद उघडून दाखवला. "नियमाने तर नाही दिलं," ते मराठीतच म्हणाले, मग सावरून, "हमारे यहाँ सब को पता है. कोई नहीं देगा."

"काल दुपारी गाणं ऐकलं मी," दादा म्हणाला. "मॅच लावून पडलो होतो ना, तेव्हा. अर्धवट झोपेत. कुणीतरी तिला खायला घालत होतं."

गाण्याशिवाय तर्री खात नसे. मृणालवहिनी आणि प्राची खाली होत्या. दादा आडवा झालेला. श्रावस्ती गात नाही. हे सगळं बाबांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मी पाहिलं. त्यांनी कागदाची घडी केली.

"मैंने ही दिया होगा," ते डॉक्टरांना म्हणाले. "मुझे याद नहीं है."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तर्रीला पुन्हा उमासा आला, डॉक्टर तिच्याकडे वळल्या, दादाने बाबांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. "होता है, बाबा. बसा." तो मायेने बोलत होता. त्या आवाजापुढे मला बोलता आलं नाही. नंतर सांगू, ती बरी झाली की सांगू, असं मी ठरवलं.

बुधवारी सकाळी ती गेली.

"बारा साल की थी," डॉक्टर म्हणाल्या. "कभी भी हो सकता था, अंकल."

बाबांनी मान हलवली. त्यांना खात्री वाटली नाही हे दिसत होतं.

*

प्राण्यांच्या दहनाची जागा तिथून फार दूर नव्हती. भिंतीलगत सावरीचं झाड फुललेलं होतं आणि सगळीकडे जाड लाल फुलं पडली होती. तर्रीला आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलं होतं. गोधडी बाबांनी काढून दिली, कुणी सुचवायच्या आत.

तिथल्या माणसाने नोंद केली, मग विचारलं, "आप लोग कुछ पढ़ेंगे? मंत्र वगैरह? पंडितजी का नंबर भी है."

"नहीं, नहीं," दादा म्हणाला.

"हम लोग बौद्ध हैं," बाबा म्हणाले. "कर्मकांड नहीं करते."

"कोई बात नहीं, सर. दो मिनट मौन रख लीजिए."

आम्ही उभे राहिलो. वहिनी ऑफिसमधून अर्धी रजा घेऊन आली होती. प्राची शाळेच्या गणवेशात होती. मौन पाळायची आम्हाला सवय आहे, सभांमधून, पण तिथे कोणीतरी 'धन्यवाद' म्हणून ते संपवतं. इथे ते संपवणारं कोणी नव्हतं. त्रिसरण म्हणावं का, असं दादाने माझ्या कानात विचारलं. "बाबांना विचार," मी म्हटलं. त्याने विचारलं नाही.

मग बाबा पुढे गेले. गोधडीच्या शेजारी, सिमेंटवर, मांडी घातली. गुडघे दुखतात म्हणून ते आता जमिनीवर बसत नाहीत. फाइल वाचावी तशा आवाजात त्यांनी सुरुवात केली.

ये गं तांबडे, ये गं दारी...

दुसऱ्या ओळीपासून प्राचीने साथ दिली, सिनेमाचा थाट सोडून. तिसरीला दादा आला, घोगरा, बेसूर. चौथी ओळ वहिनीनेही म्हटली. मी तिला ते कधी गाताना ऐकलं नव्हतं. मी ओठ मिटून उभी होते. म्हटलं असतं तर आवाज ओळखू आला असता, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. बाबांना उठवायला तिथला माणूस आणि दादा दोघंही लागले.

गाडीत प्राचीने विचारलं, "पापा, निवला म्हणजे?"

"ठंडा झाला. गरम भात थोडा थंड होऊ देतात ना, तसं."

"अच्छा," ती म्हणाली. "मला वाटायचं ते तिचं कोणी फ्रेंड आहे. भात आणि निवला." आणि रडू लागली.

दादाने पुढे कधीतरी मला त्या परतीच्या प्रवासाबद्दल सांगितलं. बाबांना द्वारकेला सोडून ते तिघं नोएडाकडे निघाले तेव्हा वहिनीच म्हणाली, "आण त्यांना. मी चुकले. एकटं नको ठेवायला." दादाला बरं वाटलं. दोन वर्षं तो हेच सांगत होता. सकाळी बाबांनी फोन नाही उचलला की ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याला काय काय दिसायचं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आश्रम चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याला आठवलं, रविवारी ऐकलेला आवाज बारीक होता. बाबांचा आवाज बारीक नाही. मघाशीच ऐकला होता. मग आठवलं, श्रावस्ती गात नाही. सिग्नल सुटला, आणि मागच्याने हॉर्न दिला.

*

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमलो. तिचे दिवस वगैरे नव्हते, बाबांना ते चाललं नसतं. दादा म्हणाला होता, "बसून ठरवू." मी बुधवारपासून रोज बाबांना फोन करत होते, रोज सांगायचं ठरवून, आणि रोज जेवलात का विचारून फोन ठेवत होते. दादाचाही फोन आला होता. "आता तुझं काय म्हणणं आहे, श्रावू?" मी काही म्हटलं नाही. त्याने तो होकार धरला. धरणारच.

फ्रिजवरचा कागद तसाच होता. वाटी धुऊन ओट्यावर उपडी घातलेली. बाबांनी साधं वरण, भात, वांग्याची भाजी केली होती. मटण त्या घरात पुढे बरेच महिने शिजलं नाही.

प्राची ताटं मांडत होती. तिच्या लक्षातही नसावं, ती गुणगुणायला लागली. भात निवला, निघू दे स्वारी. वहिनी स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन येत होती, ती दारातच थांबली. दादाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. प्राचीला कळलं तशी ती गप्प झाली.

"सॉरी, आजोबा."

"सॉरी कशाला? चांगलं म्हणतेस तू." बाबांनी तिच्या हातातली ताटं घेतली. "पण जेवताना नको, बेटा. ते आता त्या दिवसाचं झालं. जेवताना म्हटलं तर घास उतरणार नाही."

"मग कधी म्हणायचं?"

"म्हणू. वर्षाने जमू तेव्हा म्हणू."

जेवण झालं. दादाने हात धुतले, पुन्हा येऊन बसला आणि घसा साफ केला.

"बाबा, ते खोलीचं."

"येतो मी," बाबा म्हणाले.

दादाची तयारी मोठ्या भाषणाची होती. "म्हणजे... पक्कं?"

"पक्कं. एप्रिल संपला की. चौदा एप्रिलचा कार्यक्रम इथल्या मंडळाबरोबर करू दे एवढा."

"बिल्कुल. बिल्कुल, बाबा."

"पुस्तकं सगळी नाही मावायची," वहिनी म्हणाली. "पण एक भिंत रिकामी करून देते मी. प्राचीचा पियानो हलवू."

"हलवू नकोस. मला आता वाचून लक्षात कुठे राहतं?"

"असं का बोलता?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

बाबा माझ्याकडे वळले. आठवडाभरात ते खरंच म्हातारे दिसू लागले होते. खांदे बदलले होते. "तू रागावू नकोस. तू नेहमी माझ्या बाजूने बोललीस, मला माहीत आहे. पण मी आठवडाभर बसून विचार केला. रोज दुपारी त्या खुर्चीत बसायचो आणि तो रविवार पहिल्यापासून काढायचो. सकाळी कांदे, मग तू आलीस, मग समाधान. जेवलो, खुर्चीत बसलो, आणि तिथून प्राची चहा मागायला आली तिथपर्यंत सगळं कोरं. सोमवारी कोरं, मंगळवारी कोरं. वाटायचं, मी दिलीच नसेल. मी कशाला देईन? मीच लिहिलंय ना ते."

"बाबा, राहू द्या," दादा म्हणाला.

"ऐक रे. शुक्रवारी आठवलं." त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. "निळ्या बशीत नळी होती. मी अशी उचलली. तिने दातांनी अलगद घेतली. माझ्या बोटांना चरबी लागली, ती मी नळाखाली धुतली. साबण दोनदा लावला. सगळं आठवलं. मला इतकं हलकं वाटलं श्रावू, काय सांगू. म्हटलं, चला, गेलं नाही अजून सगळं डोक्यातून."

निळी बशी आई गेली त्याच वर्षी फुटली होती. मी टेबलाची कडा धरून बसले होते.

"आणि मग," बाबा म्हणाले, "गाणंही आठवलं. तिथे माझी खात्री पटली." ते हसले, ओशाळल्यासारखे. "गाणं मी म्हणत नव्हतो. आवाज तुझ्या आईचा होता, रमाचा. मी नळी देतोय आणि रमा गातेय, अशी हळू, पहिल्यासारखी. अगदी स्पष्ट, शेवटच्या ओळीत ती श्वास घ्यायची तसा श्वास घेऊन. आता तूच सांग. तीन वर्षांपूर्वी गेलेली बाई ज्याला भर दुपारी स्वयंपाकघरात गाताना ऐकू येते, त्याने एकट्याने राहावं का? गॅसपाशी जावं का? समाधान बरोबर आहे."

दादाचे डोळे भरले होते. वहिनीने बाबांच्या हातावर हात ठेवला. पियानो हलवण्याचं ठरल्यासारखंच होतं. मी आणखी अर्धा मिनिट गप्प राहिले असते तर सगळे मिळून उठले असते, चहा झाला असता आणि बाबांनी उरलेलं आयुष्य ती निळी बशी जपून ठेवली असती.

"तो आवाज माझा होता, बाबा."

कुणाला काही कळलं नाही. बाबांनी कानामागे हात धरला.

"आई नव्हती. मी म्हटलं गाणं. नळी माझ्या ताटातली होती, मी दिली. बशी नव्हती. तुम्ही गॅलरीत झोपला होता, चष्मा छातीवर होता. तुम्ही उठलाच नाहीत."

प्राची माझ्याकडे बघत होती. दादा हळूच म्हणाला, "आठ दिवस? आठ दिवस तू हे ऐकून घेतेयस, यार? त्यांच्यासमोर बसून?"

"हो."

"मी त्यांना... आम्ही सगळ्यांनी..." त्याने खुर्ची मागे सरकवली, उभा राहिला, पुन्हा बसला. वहिनीने त्याच्याकडे पाहून मान हलवली.

बाबा दादाचं ऐकत नव्हते. "म्हणजे मी झोपलो होतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे सोमवारी कोरं होतं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"आणि आवाज खरा होता."

"खरा होता. तुम्ही झोपेत ऐकलात."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि काही वेळ त्यांच्याकडेच पाहत राहिले. निळ्या बशीचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. नोएडाची खोली अजून तिथेच होती, जळलेलं दुधाचं भांडंही. पण त्यांचे खांदे थोडे वर आले, हे मी पाहिलं, आणि दादानेही पाहिलं.

"तुला गाता येतं," बाबा म्हणाले. मग, "खाल्ली तिने? तुझ्या हातून?"

"खाल्ली."

"मग त्याच वेळी का नाही बोललीस? दवाखान्यात?"

मी भीती वाटली असं म्हणू शकले असते. ते खोटंही नव्हतं.

"खाऊन झाल्यावर ती माझ्या पायावर डोकं ठेवून पडली होती, बाबा," मी म्हटलं. "दहा मिनिटं. या घरात ती माझ्याकडे तेवढी एकदाच आली. ती दहा मिनिटं मला चूक म्हणून सांगायची नव्हती."